शांत माणसाची बुगडी

निंबशेत हे गाव नकाशात शोधायला जाऊ नका. द्राक्षांच्या मांडवांखाली ते असं गुडूप झाकलेलं आहे की उपग्रहालासुद्धा दिसत नाही, असं तिथले लोक छाती फुगवून सांगतात. या गावच्या मराठी शाळेत सुलक्षणा रेठरेकर नावाच्या बाई होत्या. पाचवीचा वर्ग, सत्तावीस वर्षांची नोकरी, आणि आवाज असा की वर्गाच्या आढ्याला घरटं करून राहिलेल्या चिमण्यांना तेरापर्यंतचे पाढे पाठ झाले होते. चौदाचा पाढा त्या चुकायच्या. पण तो हेडसरही चुकायचे, तेव्हा चिमण्यांना कुणी काही म्हणत नसे.

बाई आयुष्यात कुणाला घाबरल्या नव्हत्या. तपासणीला आलेल्या साहेबांना नाही, वर्गात शिरलेल्या पाच हाती धामणीला नाही. धामणीला तर त्यांनी नुसतं "बाहेर!" म्हटलं होतं आणि ती रांगेत गेली होती. पण २०४१ सालच्या जूनमध्ये शाल्मली मुळीक पाचवीत आली, आणि बाईंना रोज सकाळी शाळेच्या चपला पायात सरकवताना पोटात गोळा यायला लागला.

शाल्मली दहा वर्षांची. दोन वेण्या, त्यातली एक पहिल्या तासालाच सुटलेली. बाकावर ती बसायची म्हणजे बाकाला टेकून जायची. प्रश्न अर्धा विचारून होतो न होतो तोच उत्तर द्यायची, तेही पुढच्या प्रश्नाचं. पेन्सिल हरवायची, शोधायला बाकाखाली जायची, तिथे मुंगळ्यांची रांग दिसली की शाळा सुटेपर्यंत वर यायची नाही. हे सगळं बाईंनी पोटात घातलं असतं. पण तिचं ते "नाही"! "वही काढ" म्हटलं की "नाही." कंटाळून "बरं, नको काढूस" म्हटलं की त्यालाही "नाही."

तालुक्याच्या डॉक्टरांनी तिच्या वडिलांजवळ एक चिठ्ठी दिली होती. मुलीला एडीएचडी आहे, जोडीला विरोध करण्याची सवय जडली आहे. हा माज नव्हे. कपाळामागच्या मेंदूत एक ब्रेक असतो, जीभ सुटायच्या आधी आणि हात उगारायच्या आधी 'थांब' म्हणणारा. काही मुलांत हा ब्रेक तयार व्हायला बरोबरीच्यांपेक्षा दोन-तीन वर्षं जास्त लागतात. इंजिन नवंकोरं, ब्रेक अजून कारखान्यातून यायचाय. अशा मुलाला दिवसभर "थांब, थांब" म्हणून ओरडलं, तर ते शेवटी ओरडणाऱ्याशीच भांडायला उभं राहतं.

बाईंनी चिठ्ठी वाचली, घडी घातली आणि ड्रॉवरमध्ये ठेवली. सदतीस मुलांच्या वर्गात घडी उघडायला वेळ कुणाला असतो?

जुलैमध्ये जिल्ह्याच्या केंद्रातून ऋजुता नावाची चुणचुणीत तंत्रज्ञ पोरगी एक पेटी घेऊन आली. यंत्राचं सरकारी नाव इतकं लांब होतं की ते पेटीच्या दोन बाजूंवर मिळून लिहिलेलं होतं. पण कानाच्या वरच्या पाळीला अडकवायचा तो दाणा पाहून गावानं त्याला बुगडी म्हटलं, आणि तेच राहिलं.

ऋजुतानं समजावून सांगितलं. बुगडीतून एक बारीक उजेड कानशिलाआड आत शिरतो आणि गाळून परत येतो. मेंदूच्या त्या ब्रेककडे किती रक्त धावतंय, हे परतलेला उजेड सांगतो. सोबत नाडी आणि घाम. मूल तापायला लागलं की पेटीतून आलेला, टेबलावर ठेवायचा दिवा हिरव्याचा पिवळा होतो, पिवळ्याचा लाल. मूल भडकायच्या आधी बाईंना कळतं, आणि भडका टाळता येतो.

"पण एक अडचण असते," ऋजुता म्हणाली. "ऊन तापलं, पंखा बंद पडला, शेजारी बँड वाजला, की सगळ्यांचंच रक्त धावतं. ते वजा करायला हवं. म्हणून या दोन बुगड्या. एक मुलीच्या कानात. ही दुसरी, मूळ बुगडी, वर्गातल्या सगळ्यांत शांत माणसाच्या कानात. दिव्याचं शून्य म्हणजे तो माणूस. एवढं मात्र नीट बघा हं, सर."

तिला अजून तीन शाळा गाठायच्या होत्या. ती गेली.

मग शाळेनं रीतसर यंत्राची पूजा केली. हेडसर चौगुल्यांनी पेटीला हळदकुंकू वाहिलं. शाळेचे शिपाई तानाजीमामांनी नारळ फोडला आणि खोबऱ्याचे तुकडे ताटलीत घेऊन ते दाराशी उभे राहिले. आता मूळ बुगडीचा मान कुणाचा, हा प्रश्न आला. खरं तर आलाच नाही. मान म्हटला की तो ज्येष्ठतेनं जातो. सत्यनारायणाचा पहिला प्रसाद, सहलीतली खिडकीची जागा, झेंड्याची दोरी, सगळं ज्या क्रमानं जातं त्याच क्रमानं.

"आपल्याकडे बाईंपेक्षा शांत कोण?" हेडसर म्हणाले.

सगळा शिक्षकवर्ग खोबरं चघळत होता. एकानंही तोंड रिकामं केलं नाही. टाळ्या पडल्या, आणि मूळ बुगडी रेठरेकर बाईंच्या कानात चढली.

दुसऱ्या दिवसापासून दिवा लाल व्हायला लागला.

म्हणजे कसा? शाल्मली वहीच्या मागच्या पानावर नाकतोडा काढत बसलेली. कधी नव्हे ती गप्प. एक पाय तेवढा हलतोय. आणि टेबलावर दिवा डाळिंबाच्या दाण्यासारखा लाल.

"शाल्मली! काय शिजतंय तुझ्या डोक्यात?"

"काही नाही."

"मग दिवा खोटं बोलतोय?"

"हो."

"उलट बोलू नकोस. उभी राहा."

"नाही."

आणि झालं सुरू. असं आठवड्यातून दोनदा व्हायचं ते जवळजवळ रोज व्हायला लागलं. पोरांना तर फुकटचा तमाशा मिळाला. शाल्मलीच्या आधी पोरंच दिव्याकडे बघायची आणि एका सुरात ओरडायची, "बाईऽऽ, शाल्मली लाऽऽल!" तिची बाकावरची मैत्रीण सरकत सरकत तिसऱ्या रांगेत गेली. मधल्या सुट्टीत लाल दिव्याबरोबर डबा कोण खाणार? शाल्मली एकटी पाण्याच्या टाकीपाशी बसून चपातीची गुंडाळी खायची आणि टाकीला लाथा मारायची.

बाईंनी तिच्या वडिलांना बोलावून घेतलं. संकेत मुळीक एसटीची बॅटरीवरची बस चालवायचा. आई द्राक्षाच्या पॅकिंगला, तिला हंगामात रजा मिळत नसे. तो खाकी कपड्यांतच आला, टोपी हातात धरून.

"बाई, घरी पण धिंगाणा घालती ओ, नाही म्हणत नाही मी. पण सुट्टीच्या दिवशी माझ्या गाडीत पुढच्या सीटवर दोन दोन तास बसती. एक शब्द नाही. समोरचा रस्ता हलत असला की ती गप्प असती."

"मी शाळेला चाकं लावू का, मुळीक?"

संकेत ओशाळून हसला. बाईही हसल्या. पण तो गेल्यावर त्यांना आपलंच बोलणं बोचलं, आणि ती बोच लपवायला त्या पुढच्या तासाला आणखी जोरात शिकवायला लागल्या.

सप्टेंबर उजाडला. एका बुधवारी हेडसरांनी बाईंना खोलीत बोलावलं. टेबलावर एक फॉर्म होता.

"एकशे चाळीस किलोमीटरवर निवासी शाळा आहे. अशा मुलांसाठी. जागा रिकामी आहे. शनिवारी व्यवस्थापन समिती बसतेय, तिच्यापुढे ठेवू. वर्गशिक्षकांची सही तेवढी लागते."

"दहा वर्षांची पोर आहे, सर."

"सत्तेचाळीस लाल नोंदी आहेत, बाई. माझ्या नाहीत, यंत्राच्या." हेडसरांनी आवाज खाली आणला. "आणि राज्य पुरस्कारासाठी तुमचं नाव पाठवायचंय. सत्तेचाळीस लाल नोंदींचा वर्ग असला तर वरचे लोक काय म्हणतील? तुम्ही सत्तावीस वर्षं घासलीत. विचार करा."

बाईंनी फॉर्म घेतला आणि ड्रॉवरमध्ये ठेवला, त्या चिठ्ठीवरच. खोटं कशाला सांगायचं, वर्गाकडे परतताना त्यांना हायसं वाटलं होतं. सोमवारपासून पोटात गोळा येणार नाही, एवढंच त्यांच्या मनात आलं.

गावात बातमीला पाय नसतात, चाकं असतात. गुरुवारी सकाळी शाल्मलीला पोरांकडून सगळं कळलेलं होतं. ती वर्गात आली ती सरळ बाकावर चढली. भिंतीवरचा महाराष्ट्राचा नकाशा तिनं खस्सकन ओढला आणि त्याचे कोकण आणि उरलेला असे दोन भाग केले.

"मी नाही जाणार! तुम्हीच जा तिकडं!"

"खाली उतर!"

"नाही! नाही! नाही!"

"उतर म्हणते ना!" बाई इतक्या मोठ्यानं ओरडल्या की चिमण्या घरटं सोडून समोरच्या पतसंस्थेत गेल्या आणि तिथेच राहिल्या. बाई बाकापाशी, शाल्मली बाकावर, दोघींची नाकं एका रेषेत. वर्ग मुका.

आणि त्या शांततेत पहिल्या बाकावरचा एक पोरगा बारीक आवाजात म्हणाला, "बाई... दिवा हिरवा आहे."

बाईंनी वळून बघितलं. दिवा पोपटासारखा हिरवागार होता.

मधल्या सुट्टीत बाईंनी शिक्षकखोलीचं दार लावून ऋजुताला फोन लावला. "तुमचं यंत्र बिघडलंय. पोरगी नाकतोडा काढते तेव्हा लाल, आणि वर्ग पेटवते तेव्हा हिरवं."

"असं कसं होईल?" ऋजुता म्हणाली. "बाई, मूळ बुगडी कुणाच्या कानात आहे?"

"माझ्या. म्हणजे काय?"

ऋजुताचा आवाज एकदम मऊ झाला.

"बाई, राग मानू नका. तुम्ही वर्गात शांत असता?"

सत्तावीस वर्षांत हा प्रश्न बाईंना कुणी विचारला नव्हता. विचारायची कुणाची टाप होती?

"असं बघा," ऋजुता सांभाळून बोलायला लागली, "दिवा मुलीला मोजत नाही. तो तुमच्या दोघींमधलं अंतर मोजतो. तुम्ही शांत आणि ती तापली, तर अंतर. ती शांत आणि तुम्ही तापलात, तरी अंतर तेवढंच. लालच. आणि दोघी सारख्याच तापलात की अंतर नाही. मग हिरवा. त्याच्या मते तुम्ही दोघी अगदी एकमेकींसारख्या आहात."

बाईंनी कान चाचपला. बुगडी गरम लागत होती.

"दोन्ही कानांच्या रेघा वेगवेगळ्या साठवलेल्या असतात," ऋजुता म्हणाली. "त्या उघडायच्या कशा ते सांगते. संध्याकाळी निवांत बघा. आणि बाई... नव्वद दिवसांच्या नोंदी वर्गशिक्षकांना पुसताही येतात. ते बटण बाजूलाच आहे. चुकून दाबू नका."

शाळा सुटली. पोरं गेली. पटांगणात ऊन तिरपं झालं होतं. बाई रिकाम्या वर्गात पडद्यासमोर बसल्या. एक निळी रेघ शाल्मलीची. एक काळी, आपली.

पहिला लाल दिवस. निळी रेघ संथ. काळी रेघ चढतेय, चढतेय, दिवा लाल. मग बाईंनी नाव पुकारलंय. आणि त्यानंतर, चार सेकंदांनी, निळी रेघ उसळतेय. दुसरा दिवस, तेच. दहावा, तेच. चार सेकंद, पाच सेकंद, कधी तीन. सत्तेचाळिसातल्या अडतीस वेळा ठिणगी काळ्या रेघेतून उडाली होती. नऊच वेळा निळी आपणहून पेटली होती, आणि त्या नऊही वेळा तिसऱ्या तासाच्या शेवटी, फळ्यावरचा लांबलचक मजकूर उतरवून घेताना.

एक नोंद बघून तर बाईंनी चष्मा काढून पुसला. सकाळचे दहा पंचावन्न. शाल्मली अजून शाळेच्या फाटकातही आलेली नव्हती, तिची रेघच सुरू नव्हती. आणि काळी रेघ डोंगर चढून बसलेली.

पोर काही न करताच बाईंच्या चेहऱ्यावर रोज सकाळी भांडण वाचत होती. जिला फळ्यावरची ओळ धड वाचवत नव्हती, तिनं एवढं मात्र बिनचूक वाचलं होतं.

पुसायचं बटण खरंच बाजूला होतं. बाईंचं बोट त्यावर जाऊन टेकलं. पुरस्कार. सत्तावीस वर्षं. हेडसर. बोट बराच वेळ तिथे होतं. दाबलेलंही नाही, उचललेलंही नाही.

"बाई, कुलूप लावू का?" दारात तानाजीमामा उभे होते, किल्ल्यांचा जुडगा घेऊन.

तानाजीमामांबद्दल एवढं सांगायला हवं, की शाळेत आरोग्य तपासणीला आलेल्या डॉक्टरांनी त्यांची नाडी बघितल्यावर दोनदा आपलं घड्याळ कानाला लावून पाहिलं होतं. शाळेच्या कोपऱ्यावर वीज पडली त्या दिवशी मामा घंटा देत होते. त्यांनी उरलेले दोन टोले दिले आणि मग वर बघितलं.

बाईंनी बोट उचललं. "मामा, उद्या दिवसभर माझ्या वर्गाच्या दाराशी बसाल?"

"बसू की. बसायला काय लागतंय?"

"आणि ही कानात घालायची."

मामांनी बुगडीकडे बघितलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्या नाडीनं वेग घेतला असावा. "आता ह्या वयात बुगडी? घरात काय सांगू?"

"सरकारी आहे म्हणून सांगा."

शुक्रवारी मामा दाराशी स्टुलावर बसले. दिवा हिरवा. बाईंनी शिकवायला घेतलं. हिरवा. शाल्मली उठली, खिडकीशी गेली, परत आली. तरीही हिरवा. पोरं कंटाळली आणि नाइलाजानं फळ्याकडे बघायला लागली.

तिसऱ्या तासाला बाईंनी फळाभर मजकूर लिहिला. बाराव्या ओळीला दिवा पिवळा झाला. शाल्मलीची पेन्सिल वहीत खुपसली जात होती. बाईंच्या जिभेवर तिचं नाव आलं, आणि त्यांनी ते गिळलं. मग त्या तिच्या बाकापाशी गेल्या, आणि इतक्या हळू बोलल्या की वर्गाला वाटलं बाईंचा आवाज बसला.

"शाल्मली, हजेरीपुस्तक हेडसरांना देऊन येतेस, की खिडकीशी उभी राहून लिहितेस?"

"दोन्ही नाही."

काळी रेघ आता कुठल्या पडद्यावर दिसत नव्हती, पण बाईंना ती मानेतून वर चढताना कळली. ब्रेक तिचा यायचाय, त्यांनी मनाशी म्हटलं, माझा तर चाळीस वर्षांपूर्वीच आलाय. वापरला नाही म्हणून गंजलाय एवढंच.

"बरं," त्या म्हणाल्या. आणि वर्गाबाहेर जाऊन माठातलं पाणी प्यायल्या. एक पेला. मग आणखी एक. तानाजीमामा स्टुलावरून बघत होते. त्यांना वाटलं बाईंना ताप आलाय.

बाई परत आल्या तेव्हा शाल्मली खिडकीशी उभी होती. वही खिडकीच्या कठड्यावर, एक पाय दुसऱ्यावर घासत, सतरावी ओळ लिहीत होती. दिवा हिरवा.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर समिती बसली. अध्यक्ष द्राक्षबागायतदार आबासाहेब घोरपडे, दोन पालक, हेडसर. समोर संकेत मुळीक, टोपी पुन्हा हातात. त्याला रात्रभर झोप नसावी. शाल्मली दाराबाहेर, कानात मूळ बुगडी घालूनच बसलेल्या तानाजीमामांच्या स्टुलाला टेकून होती.

"बाईंची सही झाली की संपलं," हेडसर म्हणाले.

"मी सही करणार नाही," बाई म्हणाल्या. आणि त्यांनी सगळं सांगितलं. काळी रेघ, निळी रेघ, अडतीस आणि नऊ. पडदा सगळ्यांसमोर उघडून दाखवला, शेजारी दिवा ठेवला. सांगताना आवाज एकदाच अडखळला, दहा पंचावन्नच्या नोंदीपाशी.

आबासाहेबांनी मिशा चाचपल्या. "म्हणजे बाई, तापट तुम्ही?"

"हो."

मिशांवरचा हात तिथेच राहिला. आबासाहेबांना लहानपणी जो धाक होता तो याच बाईंच्या आत्याचा. घोरपड्यांच्या तीन पिढ्या रेठरेकरांनी शिकवल्या होत्या, आणि रेठरेकरांपैकी कुणी आपली चूक कबूल केल्याचं गावात कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

"छे, छे!" हेडसर उसळले. "यंत्रच बिघडलंय. बाईंसारख्या शिक्षिकेवर ठपका? द्या इकडं ती मुलीची बुगडी, मी घालतो. मामा, तुम्ही तुमची काढू नका. बघा, आता माझ्यासारख्या शांत माणसालासुद्धा लाल दाखवतंय की नाही." त्यांनी बुगडी चढवली. दिवा हिरवा झाला आणि हिरवाच राहिला. हेडसर गोंधळले. मग खूश झाले.

"सर," बाई म्हणाल्या, "जरा चौदाचा पाढा म्हणता?"

"चौदा एके चौदा..." हेडसरांनी सुरुवात केली. चौदा चोकपर्यंत हिरवा. चौदा पंचेला पिवळा. "चौदा सक्के चौऱ्याऐंशी... चौदा सत्ते..." दिवा असा लाल झाला की आबासाहेबांनी खुर्ची मागे घेतली.

"अठ्ठ्याण्णव!" दाराबाहेरून शाल्मली ओरडली.

पहिल्यांदा संकेत हसला. मग पालक हसले. मग आबासाहेब, पोट धरून. हेडसरांनी बुगडी काढली, घाम पुसला, आणि शेवटी तेही हसले, कारण दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं.

"बघितलंत?" बाई म्हणाल्या. "नुसत्या अवघड प्रश्नानं सरांची ही गत. हिला दिवसभर सगळंच तसलं असतं. त्या नऊ वेळा तिच्या आहेत, त्यांचं करायला हवं. मजकूर अर्धा देईन. एका वेळी एकच गोष्ट सांगेन. हात-पाय हलवायला काम देईन. बोलायचं ते तिच्यापाशी जाऊन बोलेन, वर्गादेखत नाही. हे सगळं डॉक्टरांनी जूनमध्येच लिहून दिलं होतं. ते मी..." त्यांनी ड्रॉवरमधून आणलेली चिठ्ठी टेबलावर ठेवली, बिनसहीच्या फॉर्मशेजारी. घडी इतकी करकरीत होती की पुढचं सांगावं लागलं नाही.

आबासाहेबांनी फॉर्म उचलला, उलटा केला आणि त्याच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं: मुलगी इथेच शिकेल. खाली सही.

संकेत मुळीक आबासाहेबांपुढे वाकला. त्यानं टोपी डोक्यावर घातली, काढली, पुन्हा घातली.

"मग बाईंचा दिवा कुठाय?" दारातून आवाज आला. शाल्मली आत आली होती. "माझा दिवा सगळे बघतात. बाईंचा का नाही?"

"शाल्मली!" संकेतनं तिचा हात ओढला.

"असू दे, मुळीक," बाई म्हणाल्या. "बरोबर बोलतेय ती."

अशा रीतीनं पाचवीच्या वर्गात दुसरा दिवा आला. मूळ बुगडी तानाजीमामांच्या कानात, एक शाल्मलीच्या, एक बाईंच्या. शाल्मलीचा दिवा बाईंनी टेबलाच्या खणात ठेवला. तो फक्त त्यांनाच दिसायचा. बाईंचा दिवा टेबलावर, उघडा. त्याच्यावर लक्ष ठेवायचं काम शाल्मलीचं. जिचं लक्ष वहीवर दोन मिनिटं टिकत नव्हतं, ती त्या दिव्यावर ससाण्यासारखी नजर ठेवून असायची आणि ठेवता ठेवता शिकवलेलं तिच्या कानात शिरायचं.

"बाई, पिवळा."

की बाई खडू ठेवायच्या आणि माठाकडे जायच्या. पहिल्या महिन्यात त्या इतकं पाणी प्यायल्या की तानाजीमामांना माठ दिवसातून तीनदा भरावा लागला. चिमण्या पतसंस्थेतून परत आल्या. शाल्मलीचं "नाही" गेलं नाही. कसं जाईल? पण रोजचे बारा "नाही" होते त्यांचे चार झाले, आणि त्या चारांतले दोन तर खरोखरच "नाही" म्हणण्यासारखे असत, हे बाईंनाही मान्य करावं लागलं. फाटलेला नकाशा तिनं स्वतः चिकटवला. कोकण जरासं वर गेलं, पण समुद्र काही आत आला नाही.

पुरस्कार त्या वर्षी दुसऱ्या तालुक्यात गेला. उलट तानाजीमामांचंच नाव झालं. इतक्या शाळांनी मूळ बुगडीसाठी त्यांना मागितलं की शेवटी केंद्रानं त्यांची तीन तासांची शांतता नोंदवून घेतली आणि चौदा शाळांना पाठवली. असं म्हणतात की त्यातल्या एका शाळेत ती लावल्यावर तपासणीला आलेले साहेब खुर्चीतच झोपले.

मार्च संपत आला. शेवटच्या आठवड्यात बाई अपूर्णांकांची उजळणी घेत होत्या. कुणीतरी तिसऱ्यांदा तीच चूक केली, आणि खिडकीशी उभ्या असलेल्या शाल्मलीनं वहीवरून मान वर न करताच म्हटलं, "बाई, पिवळा."

बाईंनी खडू ठेवला आणि सहज टेबलाकडे बघितलं. दिवा विझलेला होता. त्यांनी बटण दाबलं, हलवून बघितला. कुठलाच रंग नाही.

"अगं, हा तर बंद आहे. कधीपासून?"

"संक्रांतीपासून. बॅटरी गेलीय."

"आणि तू रोज मला पाणी प्यायला पाठवतेस?"

"दिव्याकडं कोण बघतंय?" शाल्मली म्हणाली. "तुमचा आवाज चढायच्या आधी तुम्ही खडू घट्ट धरता. फळ्यावर करकर वाजतो. मी ऐकते की."

बाईंनी खडूनं पांढऱ्या झालेल्या बोटांकडे बघितलं. मग कानातली बुगडी काढली आणि ड्रॉवरमध्ये ठेवून दिली. सकाळी चपला घालताना पोटात गोळा यायचा कधी थांबला, हे त्यांना आठवून आठवेना. त्या माठाकडे निघाल्या.

"शाल्मली, मी येईपर्यंत फळ्यावरचं गणित सोडवतेस, की वर्ग सांभाळतेस?"

शाल्मलीनं जरा विचार केला.

"दोन्ही," ती म्हणाली.